निळी बाळं मोठी झाली तेव्हा

पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. लहानपणापासून मी त्या मोजत चढत आले आहे. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी साठाव्या पायरीच्या आसपास माझी मोजणी थांबली. छातीत दुखत नव्हतं, चक्करही नव्हती. फक्त हवा पुरेना. मी कडेला सरकले आणि उकिडवी बसले. हातात छत्री घेतलेले एक आजोबा माझ्या शेजारून सावकाश वर गेले, तेव्हा जरा लाजही वाटली.

घरी येऊन आईला हे हसत हसत सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "उकिडवी बसलीस?" एवढंच तिनं विचारलं. मग हात धुऊन तिनं कपाट उघडलं आणि साड्यांच्या थप्पीखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक फाईल काढली. ती फाईल घरात आहे हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं.

लहानपणी माझं हृदयाचं ऑपरेशन झालं, हे मला माहीत होतं. छातीवर मधोमध व्रण आहे, तो लपवता येत नाही. पण घरातली गोष्ट एका ओळीची होती : भोक होतं, बुजवलं. फाईलमधल्या १९९५च्या डिस्चार्ज कार्डावर रोगाचं नाव होतं, 'टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो'. त्याखाली ऑपरेशनचं नाव, 'टोटल करेक्शन', म्हणजे संपूर्ण दुरुस्ती. आणि त्याच्याही खाली, शाई फिकट झालेले दोन शब्द : 'ट्रान्सअ‍ॅन्युलर पॅच'.

आठवड्याभरात इको झाला. डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. हृदयातून फुप्फुसांकडे जाणाऱ्या रस्त्यावर निळा आणि लाल रंग आळीपाळीनं चमकत होते. रक्त पुढे जात होतं आणि त्यातलं बरंचसं परत येत होतं.

"तुमची पल्मनरी झडप गळतेय," डॉक्टर म्हणाले. "खरं तर तिथे झडप अशी उरलेलीच नाही."

"म्हणजे ऑपरेशन चुकलं होतं का?"

"नाही, उत्तम झालं होतं. तेव्हा असंच करायचे. गळणार हे माहीत होतं."

गळणार हे माहीत होतं. या वाक्यानं मला त्या रात्री झोप लागू दिली नाही. कुणाला माहीत होतं? कधीपासून? आणि माहीत असून त्याला 'संपूर्ण दुरुस्ती' का म्हणायचे? पुढचे काही महिने मी हाच इतिहास वाचत होते.

चार दोष आणि एक सवय

मार्सेय शहरातले डॉक्टर एतिएन-लुई आर्थर फॅलो यांनी १८८८ साली 'निळ्या आजारा'वर लिहिलं. त्याआधीही काहींनी अशी हृदयं पाहिली होती, पण चार दोष एकत्र येतात आणि जिवंतपणी ते ओळखता येतात, हे फॅलो यांनी नीट मांडलं. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक. फुप्फुसांकडे जाणारा रस्ता अरुंद. शरीराला रक्त पुरवणारी महाधमनी एका बाजूला सरकून थेट त्या भोकावर बसलेली. आणि अरुंद रस्त्यातून रक्त ढकलून ढकलून उजव्या कप्प्याची भिंत जाड झालेली.

परिणाम साधा आहे. फुप्फुसांकडे जायला अडचण, म्हणून अशुद्ध रक्त भोकातून महाधमनीत शिरतं आणि शरीरभर फिरतं. ओठ, नखं निळी पडतात. अशी मुलं चार पावलं पळाली की उकिडवी बसतात. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. पाय दुमडले की पायांकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा होतो, शरीराच्या बाजूचा दाब वाढतो आणि त्यामुळे जास्त रक्त फुप्फुसांकडे वळतं. धाप कमी होते.

परदेशातल्या पुस्तकांत हे बसणं रोगाचं ठळक लक्षण म्हणून येतं. आपल्याकडे मात्र सगळेच उकिडवे बसतात! मी वाड्याच्या चौकात खेळताना मध्येच बसायचे, तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. आजी म्हणायची, पोरगी शहाणी आहे, दमली की बसते. पर्वतीवर मी तशी बसले त्याला खरं तर आता वैद्यकीय अर्थ नव्हता, भोक केव्हाच बुजलंय. पण आईच्या हातातलं लाटणं का थांबलं, ते मला नंतर कळलं.

स्टुलावर उभा असलेला माणूस

१९४०च्या दशकापर्यंत या मुलांसाठी काहीही करता येत नव्हतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. हेलन टॉसिग या मुलांचा दवाखाना चालवायच्या. त्यांना ऐकू कमी येत असे, म्हणून त्या छातीवर हात ठेवून हृदयाची थरथर वाचायच्या. त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. जन्मानंतर बंद व्हायला हवी अशी एक रक्तवाहिनी ज्या निळ्या बाळांमध्ये उघडी राहते, ती बाळं जास्त तगतात. मग तशी वाट मुद्दाम तयार केली तर?

सर्जन होते आल्फ्रेड ब्लॅलॉक. पण ही शस्त्रक्रिया कुत्र्यांवर शेकडो तास खपून बसवली ती त्यांचे सहायक व्हिव्हियन थॉमस यांनी. थॉमस कृष्णवर्णीय होते, त्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती आणि एके काळी त्यांची नोंद आणि पगार सफाई कामगाराचा होता. २९ नोव्हेंबर १९४४ला पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर पहिलं ऑपरेशन झालं. हाताकडे जाणारी धमनी वळवून फुप्फुसाच्या धमनीला जोडली. त्या वेळी थॉमस ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाक्याटाक्याला सूचना देत होते. त्यांना मानद डॉक्टरेट मिळायला १९७६ साल उजाडलं.

निळी बाळं गुलाबी झाली. पण हृदय तसंच होतं. भोक तिथेच, अरुंद रस्ता तिथेच. ही दुरुस्ती नव्हती, वळणरस्ता होता. हृदय उघडून आत काम करायचं तर ते थांबवावं लागणार, आणि तेवढा वेळ शरीराला रक्त कोण पुरवणार?

आईबापांचं हृदय उसनं

याचं उत्तर मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलहाय यांनी १९५४मध्ये दिलं, आणि ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. शेजारच्या टेबलावर आईला किंवा वडिलांना झोपवायचं. नळ्यांनी मुलाचा रक्तप्रवाह त्यांच्याशी जोडायचा. मुलाचं हृदय उघडं असेपर्यंत मोठ्या माणसाचं हृदय आणि फुप्फुसं दोघांसाठी काम करणार. एका ऑपरेशनमध्ये दोन जीव टांगणीला.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांनी याच पद्धतीनं फॅलोच्या दोषाची पहिली पूर्ण दुरुस्ती केली. अशी एकूण ४५ ऑपरेशनं झाली आणि २८ मुलं घरी गेली. १७ गेली नाहीत. लवकरच हृदय-फुप्फुस यंत्र आलं. मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिन यांनी १९५५पासून ते वापरून दाखवलं आणि आईबापांना टेबलावर झोपवायची गरज संपली.

हे वाचून झाल्यावर मी बाबांना विचारलं, तुम्ही झोपला असतात का माझ्या शेजारी? ते पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "हा काय प्रश्न झाला?"

ठिगळ

आता माझ्या कार्डावरच्या त्या दोन शब्दांकडे येऊ.

भोक बुजवणं तुलनेनं सरळ काम. खरी अडचण फुप्फुसांकडे जाणाऱ्या रस्त्याची. अडथळा कधी झडपेच्या अलीकडे, कधी पलीकडे असतो, तर कधी झडपेचं कडंच लहान असतं. कडं लहान असेल तर आतून कितीही खरवडलं तरी रस्ता रुंद होत नाही. अंगाला घट्ट झालेल्या झंपरची बाही उसवून त्यात कापड घालावं, तसा एकच उपाय उरतो. कडं उभं कापायचं आणि त्यावर रुंद ठिगळ शिवायचं. कड्याच्या आरपार जाणारं ठिगळ, तेच 'ट्रान्सअ‍ॅन्युलर पॅच'.

पण कडं कापलं की झडपेची पानं एकमेकांना भेटत नाहीत. दार काढून नुसती चौकट ठेवल्यासारखं होतं. रक्त बाहेर जातं आणि परत येतं. हे प्रत्येक सर्जनला ठाऊक होतं.

मग त्यांनी ते का स्वीकारलं? कारण रस्ता अरुंद ठेवला तर मूल टेबलावर किंवा त्याच रात्री दगावण्याची भीती होती. गळती मात्र लगेच मारत नव्हती. फुप्फुसांच्या बाजूचा दाब शरीराच्या बाजूच्या मानानं बराच कमी असतो, त्यामुळे गळती सोसली जाते. कुत्र्यांवरच्या प्रयोगांतही ती झडप नसताना ते जगत होते. शिवाय मुलं धावत होती, शाळेत जात होती. त्यामुळे 'ही गळती निरुपद्रवी आहे' हा समज पक्का झाला आणि जवळजवळ तीन दशकं टिकला.

मी यावर खूप विचार केला. त्यांना दोष द्यावासा वाटतो का? नाही. समोर निळं पडत चाललेलं मूल आहे आणि तुमच्या हातात दोन वाटा आहेत : आजचा धोका किंवा तीस वर्षांनंतरचा. तीस वर्षांनंतरचं कुणालाच माहीत नव्हतं, कारण तोवर ऑपरेशन झालेलं एकही मूल तीस वर्षांचं झालेलं नव्हतं.

पुण्याहून मुंबईला

भारतात उघड्या हृदयावरच्या शस्त्रक्रिया १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रुळू लागल्या. तमिळनाडूतलं वेल्लोर हे एक केंद्र आणि मुंबई दुसरं. परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांचा चमू होता. केपटाऊनमध्ये जगातलं पहिलं मानवी हृदयप्रत्यारोपण झालं डिसेंबर १९६७मध्ये, आणि सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ला परळमध्ये ते करून पाहिलं. रुग्ण काही तासच जगला. पण त्या काळात आपल्याकडे किती धाडसी हात होते, हे त्यातून समजतं.

तरीही मुलांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन म्हटलं की कित्येक मराठी घरांसाठी ते मुंबईलाच व्हायचं. आमच्याही. १९९५मध्ये मी पाच वर्षांची होते. प्रगत देशांत तोवर हे ऑपरेशन पहिल्या एक-दोन वर्षांतच व्हायला लागलं होतं. आपल्याकडे निदान उशिरा, पैसे उशिरा, नंबर उशिरा. बाबांनी सोसायटीचं कर्ज काढलं, आईच्या पाटल्या गेल्या, दादरला मामाच्या दोन खोल्यांत आम्ही सव्वा महिना राहिलो. मला त्यातलं एकच आठवतं : ऑपरेशननंतर आईनं माझ्या हाताची बोटं एकेक करून पाहिली आणि ती रडायला लागली. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. नखं गुलाबी झाली होती.

त्या आईला कुणी 'टोटल करेक्शन'चा अर्थ विचारला असता, तर तिनं ती बोटंच दाखवली असती.

ज्यांनी मोठं होऊन सांगितलं

गळतीबद्दलचा समज मोडला तो या मुलांनीच. म्हणजे मोठं होऊन.

१९९३ साली मेयो क्लिनिकनं १९५५ ते १९६० या काळात तिथे ऑपरेशन झालेल्या १६३ जणांचा हिशेब मांडला. ऑपरेशननंतरचा पहिला महिना पार केलेल्यांपैकी ८६ टक्के ३२ वर्षांनीही हयात होते. हा विलक्षण आकडा आहे; ऑपरेशन नसतं तर त्यांच्यातले बहुतेक लहानपणीच गेले असते. पण त्याच वयाच्या इतर लोकांत हा आकडा ९६ टक्के होता. मधल्या दहा टक्क्यांचं काय झालं?

त्यातले काही जण अचानक गेले होते, हृदयाचा ठोका बिघडून. लंडनमध्ये मायकल गॅट्झूलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५मध्ये, म्हणजे नेमकं माझं ऑपरेशन झालं त्या वर्षी, त्यातला दुवा दाखवला. गळतीमुळे प्रत्येक ठोक्याला उजव्या कप्प्यात जास्तीचं रक्त साठतं. कप्पा फुगतो. फुगलेल्या स्नायूतून विजेचा संदेश सावकाश जातो, आणि ते साध्या ईसीजीवर दिसतं. ईसीजीतल्या एका लाटेची रुंदी १८० मिलिसेकंदांच्या पुढे गेली की जीवघेण्या ठोक्यांचा धोका वाढतो. २००० साली अनेक रुग्णालयांतल्या ७९३ रुग्णांच्या अभ्यासानं हे आणखी स्पष्ट केलं : अशा मृत्यूंमागे आणि जीवघेण्या ठोक्यांमागे वारंवार दिसणारा दोष होता फुप्फुसांकडच्या झडपेची गळती. तीच, निरुपद्रवी.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. सर्जन ठिगळ शक्य तितकं लहान ठेवू लागले, झडप वाचवायची धडपड करू लागले. आणि आधी ऑपरेशन झालेल्यांना नवी झडप बसवायची वेळ कधी येते, याचा शोध सुरू झाला. त्याच वर्षी, २०००मध्ये, पॅरिसच्या नेकर रुग्णालयात बारा वर्षांच्या एका मुलाला छाती न उघडता, पायाच्या शिरेतून नळी नेऊन फुप्फुसाकडची झडप बसवली गेली. ती झडप गोवंशीय जनावराच्या मानेतल्या शिरेची होती. आता अशा झडपा भारतातही बसवतात. आजीला हे सांगायचं की नाही, ते आईनं आणि मी अजून ठरवलेलं नाही.

पण नवी झडप म्हणजे शेवट नव्हे. ऊतींपासून केलेली झडप काही वर्षांनी झिजते. लवकर बसवली तर आयुष्यात जास्त वेळा बदलावी लागते. उशीर केला तर फुगलेला कप्पा पुन्हा आक्रसत नाही. म्हणून एमआरआयवर कप्प्याचं आकारमान मोजत राहतात. शरीराच्या दर चौरस मीटरमागे १६० मिलिलिटरच्या आसपास पोचलं की झडपेचा विचार गंभीरपणे सुरू होतो. माझा आकडा १४८ आहे. ईसीजीवरची लाट १५४.

मधली सोळा वर्षं

या इतिहासातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट बाल्टिमोर किंवा लंडनची नाही, आमच्या घरातली आहे.

माझा आधीचा इको अठराव्या वर्षी झाला होता, २००८मध्ये. 'थोडी गळती, काळजी नको' असं तेव्हा सांगितलं गेलं. त्यानंतर सोळा वर्षं काहीच नाही. आईला विचारलं तर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझी स्थळं बघायची होती. दर वर्षी हार्टच्या डॉक्टरकडे जाते म्हटल्यावर कोण हो म्हणणार होतं? आणि कार्डावर लिहिलं होतं ना, पूर्ण बरी म्हणून."

तिला मी काय बोलणार? डॉक्टरांच्या भाषेतला एक शब्द, 'टोटल', आणि घराची एक भीती, दोन्ही मिळून माझी फाईल साड्यांखाली गेली. या सोळा वर्षांत मी सिंहगड चढले, लग्न केलं, एका मुलीला जन्म दिला. बाळंतपणात हृदयावर किती ताण येतो, हे आता वाचल्यावर पोटात गोळा येतो. तेव्हा माझ्या डॉक्टर बाईंना मी एवढंच सांगितलं होतं : लहानपणी भोक होतं, बुजवलं.

यंत्रणाही साधारण तिथेच हात सोडते. मुलांची तपासणी करून जन्मजात दोष शोधणारा 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाड्या, शाळांमधून सापडलेल्या मुलांची हृदयाची ऑपरेशनं त्यातून होतात. फार मोलाचं काम आहे. पण तो जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत आहे. आणि माझ्यासारख्यांची गळती बोलू लागते ती विशीनंतर, तिशीत. मुलांचे हृदयतज्ज्ञ म्हणतात तुम्ही आता मोठे झालात. मोठ्यांचे हृदयतज्ज्ञ बहुतेक वेळ अरुंद झालेल्या धमन्या पाहत असतात, त्यांना आमची वाकडी हृदयं क्वचित दिसतात. आम्ही दोन दारांच्या मधल्या ओट्यावर उभे असतो.

हे वाचणाऱ्यांत कुणाच्या छातीवर मधोमध किंवा बरगडीखाली जुना व्रण असेल, तर आज घरी विचारा : ऑपरेशनचं पूर्ण नाव काय होतं? कार्ड कुठे आहे? त्याचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. शेवटचा इको कधी झाला, ते वर्ष आठवा. काही होत नसलं तरी जा. या गळतीचं वैशिष्ट्यच हे आहे की ती वर्षानुवर्षं काहीच जाणवू देत नाही.

माझा पुढचा एमआरआय दिवाळीनंतर आहे. आई या वेळी बरोबर येणार आहे. फाईल आता साड्यांखाली नाही, पाणी-बिलं आणि रेशनकार्डाच्या खणात आहे, हाताला लगेच लागेल अशी. परवा आम्ही दोघी पर्वतीवर गेलो. साठाव्या पायरीवर मी काही बोलायच्या आत तीच थांबली. "बस जरा," म्हणाली, आणि पदर सावरत माझ्या शेजारी टेकली. वर जायची घाई दोघींनाही नव्हती.